आढ्याची 'खट' गेली, आता पायांकडे

झाडांशिवाय हॅमॉक (झोपायचा झोळीसारखा झुला) टांगता यावा म्हणून सुटा होणारा स्टँड बनवतोय: दोन टोकांना दोन तिपाया, त्यांवर आडवी नळी, म्हणजे आढं. ते मध्ये खाली बसत होतं, आता सरळ राहिलं! पडून पाहिलं, कूस बदलून पाहिलं, मुद्दाम धपकन बसूनही पाहिलं. दोन्ही टोकांना ताणून धरलेल्या दोऱ्यापासून मधली झोळ जेमतेम चार-पाच मिमी.

आढ्याला 38 मिमी व्यासाची नळी म्हणजे अतिरेक, 25ची पुरते, असं म्हणणाऱ्यांसाठी आधी हिशोब. हॅमॉकची टोकं आडव्या रेषेपासून 30 अंशांत उतरत असतील आणि आत 80 किलोचा माणूस असेल, तर प्रत्येक टोकाच्या दोरीत 80 किलोचा ताण येतो. त्यातला सुमारे 69 किलो आढ्याला दोन्हीकडून दाबतो. तीन मीटर लांब, दीड मिमी जाडीची 25ची अ‍ॅल्युमिनियम नळी साधारण 59 किलोलाच कमानीसारखी वाकते. 38ची 220च्या आसपास टिकते. आणि ताठ बांधायची हौस असेल, 15 अंशांची, तर दाब 150च्या घरात जातो. हॅमॉक झोळदार बांधा, पाठही सुखी राहते.

म्हणजे नळी दमदार होती. मग आढं मध्ये बसत का होतं? सांध्यांमुळे. पिशवीत मावावं म्हणून एकेक मीटरचे तीन तुकडे, आतून जोडनळी. विक्रेत्याने 'अगदी फिट' म्हणून दिलेल्या जोडनळीला व्हर्नियर लावून मोजलं तर अर्ध्या मिमीची फट! ऐकायला क्षुल्लक वाटते. पण जोडनळी दोन्ही बाजूंना 75 मिमीच आत जात असेल, तर प्रत्येक सांधा इतका मोडतो की मधला तुकडा 13 मिमी खाली येतो. वर दाब आहेच, तो ही झोळ आणखी वाढवतो. (चार तुकडे करणाऱ्यांनो, एक सांधा बरोबर मधोमध येतो, जिथे वाकवणारा जोर सगळ्यात जास्त. तीनच करा.)

यावर उपाय म्हणून हॅमॉकच्या दोरीचा लूप नळीच्या खालच्या अंगाने घेतला. ओढ नळीच्या अक्षाच्या (मध्यरेषेच्या) खालून आली की आढं वरच्या दिशेला वाकू पाहतं, म्हणजे झोळ कापली जाईल असा तर्क. तर्क चुकला नाही, पण ढिल्या सांध्याला मधली जागाच नसते. तो इकडे टेकतो नाहीतर तिकडे. निवांत पडलं की अर्ध्या मिनिटाने 'खट!' करून आढं वर उडी मारायचं, हललं की पुन्हा खाली. झोपेचं पार वाटोळं.

शेवटी फटच बुजवली. चिकटपट्टीच्या नादी लागू नका, दाबाखाली ती पसरते आणि गोळा होते. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमी जाड असतो. त्याचे वेढे जोडनळीवर बसवले आणि जोडनळी दोन्हीकडे 200 मिमी आत जाईल अशी लांब घेतली. नळ्यांची तोंडं एकमेकांना पूर्ण टेकली पाहिजेत, नाहीतर सगळा दाब बटण-क्लिपवर (तुकडे अडकवणाऱ्या स्प्रिंगच्या बटणावर) येतो. त्यासाठी हॅकसॉपेक्षा पाईप कटर बरा, काप काटकोनात येतो. मात्र तो कड आत वळवतो, ती रीमरने (कड खरवडायच्या हत्याराने) काढल्याशिवाय जोडनळी शिरतच नाही. लूप आता खालूनही नाही आणि वरूनही नाही: टोकाजवळ अक्षातून आरपार 8 मिमीचा बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना लूप.

जोडनळ्या एका तुकड्यात रिव्हेट करून टाकणार होतो. लिहिता लिहिता वाटतंय, नकोच. सुट्याच ठेवतो; बांधताना नळीच्या पोटात सरकवल्या की पिशवीची लांबी एक मीटरच राहते, आणि पत्रा झिजला तर बदलायलाही सोपं.

तिपायांना बांबू वापरायचा बेतही डळमळलाय. पेरांमुळे त्याला जोडनळी धड बसत नाही, म्हणून दोन तुकडे करणं कटकटीचं. आणि इथे 25वाल्यांचंच खरं: एका तिपाईवर जेमतेम 40 किलो, तेही तीन पायांत वाटलेले. 1.6 मीटरचा 25चा पाय एकटाच 200 किलोपर्यंत तग धरतो. तेव्हा पाय 25चेच, 80 सेंमीच्या दोन तुकड्यांत. गुळगुळीत फरशीवर ते फाकतात, म्हणून खालून दोरीचा वेढा लागेल. नायलॉन ताणतो, पॉलिस्टर घेतोय. वेढा एकच गोल ठेवायचा की प्रत्येक पायाला मधल्या कडीपर्यंत वेगळी दोरी द्यायची, यावर कुणी प्रयोग केला असेल तर सांगा. मी आधी कडीवाली करून बघतो.