लांडगे नसलेल्या देशातले लांडगे

आइसलँडमध्ये लांडगा नाही. कधीच नव्हता. नवव्या शतकात नॉर्वेकडची माणसं मेंढ्या-घोडी गलबतांत घालून इथं उतरली, तेव्हा या बेटावर जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी एकच होता, ध्रुवीय कोल्हा. तरीही सूर्य-चंद्रामागे धावणाऱ्या लांडग्यांची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती याच देशात लिहिलेल्या कातडी पानांवरून. ज्यांच्या रानात लांडगा नाही त्यांनी तो आभाळात इतका जिवापाड का जपला, हे कोडं कित्येक वर्षं माझ्या डोक्यात होतं. शेवटी जानेवारीत तिकीट काढलं.

"अगं, काळोखात कशाला जातेस? उन्हाळ्यात जा," असं आईनं चारदा तरी सांगितलं. पण मला काळोखातच जायचं होतं. सूर्याच्या पाठलागाची गोष्ट कळायची तर सूर्य जेव्हा दमलेला असतो तेव्हाच तिथं असायला हवं.

रेक्याविकमधली पहिली सकाळ. साडेनऊ वाजले तरी खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे चालू, शाळेला निघालेल्या मुलांच्या दप्तरांवरच्या चकाकणाऱ्या पट्ट्या तेवढ्या दिसत होत्या. सूर्य उगवला पावणेअकराच्या सुमारास. आपल्याकडचा सूर्य उगवला की चढायला लागतो. हा चढेचना. घरांच्या छपरांच्या कडेकडेनं, अंग चोरून चालल्यासारखा डावीकडून उजवीकडे सरकत राहिला आणि साडेचारच्या आसपास समुद्रापलीकडे गेला. दिवसभर प्रत्येक माणसाची सावली रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, हा सूर्य कुठं निवांत बसलेला नाहीच. कुणीतरी मागे लागल्यासारखा निघून चाललाय.

गोष्टीत नेमकं हेच आहे. नॉर्स, म्हणजे नॉर्वे-आइसलँडकडच्या जुन्या कथांमध्ये सूर्य ही बाई आहे, तिचं नाव सोल, आणि चंद्र तिचा भाऊ, मानी. दोघं मुंडिलफारी नावाच्या माणसाची मुलं. आपल्याला सूर्यनारायण आणि चांदोमामा यांची सवय, त्यामुळे सुरुवातीला वाचताना अडखळायला होतं, पण एकदा ही ‘ती’ मनात बसली की गोष्टीतली भीती अंगावर येते. सोलच्या रथाला दोन घोडे, आर्वाक आणि आल्स्विद, एक लवकर जागा होणारा आणि दुसरा अतिशय चपळ. तिच्या मागून धावतो स्कोल नावाचा लांडगा. तिच्या पुढे धावतो हाटी, त्याला चंद्र पकडायचाय. हाटी म्हणजे द्वेष करणारा. मिडगार्डच्या, म्हणजे माणसांच्या जगाच्या पूर्वेला लोखंडी रान आहे, यार्नविद. तिथं एक म्हातारी राक्षसीण बसली आहे आणि ती हे लांडगे जन्माला घालते. त्यांच्यातला एक, मानागार्म, चंद्र गिळेल आणि आभाळावर रक्ताचा सडा पडेल.

ही गोष्ट सलग मांडून ठेवली स्नोरी स्टर्लुसॉननं, साधारण 1220 च्या सुमारास. आइसलँडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. स्नोरी स्वतः ख्रिस्ती. पण जुन्या कवितांमधली रूपकं नव्या कवींना कळेनाशी झाली तर कविताच मरेल, या काळजीनं त्यानं जुन्या देवांच्या कथा लिहून काढल्या. या एका काळजीसाठी मला तो माणूस फार जवळचा वाटतो. त्याचं गाव रेक्होल्ट, म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडे निघाले.

रेक्याविकहून उत्तरेला शंभरेक किलोमीटर. वाटेत समुद्राखालचा बोगदा, मग बोर्गार्नेस, आणि तिथून आत वळल्यावर बर्फानं झाकलेली कुरणं. गाडी चालवणारे काका साठीचे, त्याच भागातल्या एका मेंढपाळ घरातले. थंडी उणे बारा, वारा अजिबात नाही. बोर्गार्नेस मागे पडलं आणि काकांनी काही न बोलता गाडी कडेला घेतली, बोटानं दक्षिणेकडे दाखवलं.

सूर्य क्षितिजापासून जेमतेम पाच अंशांवर होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच्याच उंचीवर, दोन तेजस्वी ठिपके. हात लांब करून पंजा पूर्ण पसरला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर होतं, सूर्यापासून प्रत्येक ठिपका साधारण तेवढ्याच अंतरावर. सूर्याकडची कड तांबूस, मग पिवळी, आणि बाहेरच्या बाजूला फिकट पांढरी शेपूट लांबत गेलेली. खरोखर शेपूट. मी हातमोजा काढून फोटो घ्यायला गेले तर बोटं दोन मिनिटांत बधिर झाली.

"उजवीकडचा सूर्याच्या पुढे चाललाय, त्याला आम्ही गीट्ल म्हणतो," काका म्हणाले. "डावीकडचा मागून येतोय. तो उल्फुर."

उल्फुर म्हणजे लांडगा.

मी तशीच उभी राहिले. काकांनी मग एक म्हण सांगितली, तिचा अर्थ असा की पुढे गीट्ल दिसला तर ते सहसा चांगलं नसतं, मागून लांडगा धावत असला तरच ठीक. म्हणजे एकट्या पुढच्यापासून वाईट हवेची भीती, दोन्ही असले तर चिंता नाही. आणि दोन्ही बाजूंना दोन ठिपके असले की त्याला म्हणायचं ‘सोल ई उल्फाक्रेप्पू’, सूर्य लांडग्यांच्या कचाट्यात. त्यांच्या आजोबांच्या तोंडी हे रोजचे शब्द होते, मेंढ्या बाहेर काढायच्या की नाही ते यावरून ठरायचं.

याचं कारण काही गूढ नाही. उंच विरळ ढगांत किंवा गारठलेल्या हवेत बर्फाचे षट्कोनी चपटे स्फटिक तरंगत असतात, पान गळताना आडवं राहावं तसे आडवे. त्यांच्यातून जाणारा प्रकाश किमान 22 अंशांनी वळतो, म्हणून सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला तेवढ्या अंतरावर हे ठिपके उमटतात. सूर्य खाली असला की ते सगळ्यात ठळक. आपल्याकडे चंद्राला खळं पडतं ते याच स्फटिकांचं काम. आपल्या जुन्या ग्रंथांनाही हे ठाऊक होतं, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘प्रतिसूर्य’ या नावानं त्याच्यावर वेगळा अध्यायच आहे. पण प्रतिसूर्य म्हणजे दुसरा सूर्य. इथल्या माणसाला तिथं दुसरा सूर्य दिसला नाही, पाठलाग दिसला.

आता स्नोरीचं वाक्य पुन्हा आठवा. एक मागे, एक पुढे. लहानपणापासून मला प्रश्न पडायचा की चंद्र पकडायला निघालेला लांडगा सूर्याच्या पुढे कशाला धावेल? त्या रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर उत्तर समोर टांगलेलं होतं. मला तरी आता शंका वाटत नाही की ही कथा फक्त ग्रहणाची नाही. ग्रहण कधी तरी होतं, खग्रास तर पिढ्यान्‌पिढ्या दिसत नाही. रेक्याविकच्या जागेवरून 1433 नंतर खग्रास ग्रहणाची पुढची तारीख थेट 12 ऑगस्ट 2026. हे दोन लांडगे मात्र थंडीच्या कुठल्याही दुपारी येऊन उभे राहू शकतात, मेंढपाळाच्या डोळ्यांदेखत. जमिनीवरचे लांडगे नॉर्वेत राहिले, आभाळातले गलबतांबरोबर आले.

रेक्होल्टला पोचलो तेव्हा उजेड निळा व्हायला लागला होता. स्नोरीचं गरम पाण्याचं कुंड अजून आहे. गोल, सुमारे चार मीटर व्यासाचं, घडीव दगडांच्या काठाचं, जवळच्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून आत येतं. काठाचा बर्फ वितळून तिथं हिरवं शेवाळ दिसत होतं, त्या पांढऱ्या मुलखात तेवढाच हिरवा रंग. मी गुडघ्यावर बसून पाण्याच्या वाफेत हात धरला. कुंडाच्या मागे टेकाडात एक छोटं लाकडी दार, घराकडे जाणाऱ्या भुयाराचं. 23 सप्टेंबर 1241 च्या रात्री नॉर्वेच्या राजाच्या बाजूची माणसं याच गावात त्याच्या घरात शिरली आणि तळघरात लपलेल्या स्नोरीला त्यांनी मारलं. ‘घाव घालू नका’ हे त्याचे शेवटचे शब्द सांगतात. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्यानं जगाचा शेवट कसा होईल हे इतक्या शांतपणे लिहून ठेवलं होतं.

ज्या जुन्या कवितांवर स्नोरीनं भिस्त ठेवली त्यांची मुख्य वही, कोडेक्स रेजियस, 1270 च्या सुमाराची, आता पंचेचाळीस पानं उरलेली. ती 1662 मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि 21 एप्रिल 1971 ला जहाजानं परत आली, तेव्हा रेक्याविकच्या धक्क्यावर गर्दी उसळली होती. एका वहीसाठी. त्या वहीत लांडग्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि मला तीच जास्त आवडते. देवांचा प्रमुख ओडिन एका शहाण्या राक्षसाला विचारतो, फेनरिर लांडग्यानं सूर्याला गाठल्यावर या सपाट आभाळात पुन्हा सूर्य कुठून येईल? राक्षस सांगतो, गाठण्यापूर्वी तिला एक मुलगी होईल, आणि देव मेल्यावर ती मुलगी आईच्या वाटेनं निघेल.

आपला राहू आठवल्याशिवाय राहत नाही. पण राहूला धडच नाही, त्यानं गिळलेला सूर्य गळ्यातून बाहेर पडतो. दे दान सुटे गिराण म्हटलं, आंघोळ केली की संपलं. स्कोलला पोट आहे. तो एकदाच गिळणार, आणि आई परत येणार नाही, येईल ती लेक. इतकी कठोर गोष्ट आणि तिच्या पोटात इतकी माया, हे मला रेक्होल्टहून परतताना गाडीत पुरून उरलं.

माळरानावर लांडगा मी एकदाच पाहिलाय, सोलापूरजवळ नान्नजला. तो धावत नव्हता, एका लयीत दुडक्या चालीनं जात होता आणि तरी बघता बघता नजरेआड झाला. बरोबरचे धनगर बाबा म्हणाले होते, "त्याला घाई नसती बाई, तो दमत न्हाई." त्या रात्री हे वाक्य आठवलं.

शेवटचा मुक्काम ईसाफ्योर्दुर. पश्चिम फ्योर्डांतलं, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांच्या मुलखातलं, अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं गाव, समुद्रात शिरलेल्या जिभेवर वसलेलं. एक दिवस वादळानं विमान रद्द झालं, तो दिवस विमानतळाच्या बाकावर गेला. दुसऱ्या दिवशी विमान डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यावर वळून उतरलं आणि मला सह्याद्रीत आल्यासारखं वाटलं. तेच सपाट माथे, तेच एकावर एक रचलेले काळे थर. बेसॉल्टच तो, फक्त आपल्यापेक्षा खूप तरुण.

याच डोंगरांमुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून दोन महिने गावात ऊन पडत नाही. सूर्य उगवतो, पण डोंगराआड. 25 जानेवारीला तो परत येतो असं धरतात, आणि त्या दिवशी घरोघरी ‘सोलारकाफी’, सूर्याची कॉफी. सोबत पातळ पॅनकेक. मी उतरले होते त्या घरच्या आजी सत्तरीच्या. त्यांनी काळाभोर जुना तवा काढला, धिरड्याच्या पिठाइतकं पातळ पीठ ओतलं, तवा मनगटानं फिरवला. कडा जाळीदार झाली की उलटायचं, साखर पेरायची आणि गुंडाळी करायची. काहींमध्ये मुरांबा आणि फेटलेली साय.

25 ला आभाळ गच्च होतं. सूर्य दिसला नाही. कुणीही खट्टू झालं नाही, शेजारी आले, कॉफी झाली. "तो ढगामागे आलाय, आम्हाला माहीत आहे," आजी म्हणाल्या. मी त्यांना गीट्ल आणि उल्फुर सांगितले तर त्या हसल्या, त्यांच्या वडिलांचे शब्द एका परक्या बाईच्या तोंडून ऐकून. मग त्यांनी ते नीट म्हणून दाखवले, मला चारदा म्हणायला लावले.

26 ला दुपारी ढग फाटले. डोंगराच्या खाचेच्या कडेला आधी एक सोनेरी रेघ उठली, मग ऊन उतारावरून खाली, छपरांवर, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलं. फडताळाच्या काचेवर पडलं. आजी उठल्या आणि काचेकडे वाकून बघत म्हणाल्या, "बघा, दोन महिन्यांची धूळ." त्यांनी फडकं ओलं केलं, वरची काच पुसली, कप एकेक उतरवून ठेवले. तिसऱ्या फळीपर्यंत पोचल्या तेवढ्यात उजेड फडताळावरून सरकून भिंतीवर गेला, भिंतीवरून दारावर.