थार, वर्ष चौथं : दोनशे चाळीस किलोंचा हिशेब

मागची नोंद लिहिली तेव्हा मीटरवर ९६,००० होते, आज १,१४,३०० आहेत. मधल्या काळात लिहिण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहायला हात धजत नव्हता. कारण या खेपेला गाडीला नवं असं जवळजवळ काहीच लावलेलं नाही. जे तीन वर्षं हौसेने लावलं, त्यातलं निम्मं काढून ठेवलंय. ज्यांनी मला त्या वस्तू घेताना 'नको रे बाबा' म्हटलं होतं, त्यांनी आता गप्प बसून वाचावं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: २०१६ ची महिंद्रा थार सीआरडीई, अडीच लिटरचं इंजिन, १०५ अश्वशक्ती. पुढे टॉर्शन बार (पिळ देऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे कमानपाटे. मागच्या डिफमध्ये (डिफरन्शिअल, दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) एक चाक एकटंच भिरभिरायला लागलं की आपोआप लागणारं लॉक. मी तिसरा मालक. गाडी बडोद्यात कारेलीबागेत सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, आणि सगळ्याची सुरुवात त्या पार्किंगमधूनच झाली.

पूर

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ च्याही वर गेलं. रात्री पार्किंगमध्ये पाणी शिरायला लागल्यावर मी गाडी बाहेर काढली. आई, शेजारचे काका-काकू, त्यांचं ऑक्सिजनचं मशीन, असं सगळं तीन फेऱ्यांत उंचावर नेऊन सोडलं. पाणी मांडीपर्यंत, वर नदीतल्या मगरी गल्लीत आल्याच्या बातम्या. स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) होतं, त्यामुळे मी निर्धास्त. शेवटच्या फेरीनंतर गाडी त्यातल्या त्यात उंच जागी लावली. तिथेही पाणी चढलं, आणि दीड दिवस एक्सल पाण्याखाली राहिले.

गाडी नंतर अर्ध्या चावीत सुरू झाली. मी खूश. पंधरा दिवसांनी प्रतापनगरच्या उस्तादांनी सहज म्हणून मागच्या डिफचा बोल्ट उघडला, तर ऑइल बासुंदीच्या रंगाचं.

हे कसं झालं, ते स्नॉर्कल लावणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल तेवढं वाचवतं. पण एक्सल चालून तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो गार पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ब्रीदरचं टोक पाण्याखाली असेल तर तिथून, नाहीतर ऑइल सीलच्या ओठांतून पाणी आत येतं. ब्रीदर म्हणजे हवा ये-जा करायला एक्सलवर दिलेली बोटभर टोपी. कंपनीने ती पावसाच्या रस्त्यासाठी दिलेली असते, दीड दिवसाच्या जलसमाधीसाठी नाही.

उपाय फार स्वस्त निघाला. मकरपुरा जीआयडीसीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशिनींचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथून ८ मिमीचा नायलॉन पाइप आणि पितळी फिटिंग आणली, सगळं मिळून हजाराच्या आत. पुढचं डिफ, मागचं डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी), चौघांचे ब्रीदर बॉनेटच्या आत, बॅटरीपेक्षा उंच नेले. टोकाला मोटरसायकलच्या पेट्रोलची छोटी गाळणी, तोंड खाली वळवून. एक चूक केली, ती तुम्ही करू नका. या थारचं पुढचं डिफ चासीला घट्ट बसवलेलं असतं, ते हलत नाही. मागचा एक्सल मात्र वर-खाली जातो. मी मागचा पाइप ताणून बांधला, आणि सिंधरोटकडे मही नदीच्या कोतरात (घळीत) चाक पहिल्यांदा लोंबकळलं तेव्हा तो फिटिंगमधून निघून आला. आता तिथे वीतभर जास्तीचा वळसा ठेवलाय.

पाणी गेलेल्या डिफमध्ये एकदा ऑइल बदलून भागत नाही. स्वस्त ऑइल भरून वीस-तीस किलोमीटर फिरवायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. माझं तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. बेअरिंगचा आवाज नाही, एवढं नशीब.

रण

जानेवारी २०२५. बजाणाच्या बाजूने कच्छच्या छोट्या रणात, वन खात्याचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या घेऊन. हे घुडखरांचं (रानगाढवांचं) अभयारण्य आहे, वाट सोडून हुंदडायची जागा नाही. आम्ही वाट सोडलीही नव्हती. पण त्या वर्षी एका टप्प्यात वरची पापडी कोरडी आणि खाली काळा चिखल होता. वाटाड्याची जिप्सी पुढे गेली. तिच्यात पाच माणसं. मागोमाग मी, त्याच चाकोरीत, आणि चाळीस-पन्नास पावलांवर माझी मागची दोन्ही चाकं पापडी फोडून खाली. एक्सल टेकला.

समोर ऐंशी किलोंचा पोलादी बंपर आणि विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र. आता विंचचा दोर बांधायचा कशाला? क्षितिजापर्यंत झाड नाही, खडक नाही, खांब नाही. जिप्सीचं स्वतःचं वजन हजार किलोंच्या आसपास, तिला बांधला असता तर तीच माझ्याकडे घसरत आली असती. पैसे साठवून घेतलेलं यंत्र समोर, आणि मी गुडघ्यावर बसून फावड्याने चिखल उपसतोय. दोन तास लागले. चाकांची हवा १५ पीएसआयवर आणली, पुढे-मागे प्लॅस्टिकच्या रिकव्हरी पट्ट्या घातल्या, लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त) दुसरा गिअर टाकला आणि इंच इंच करत निघालो. वाटाडा मदत करत होता, पण मधूनच हसत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "आ गाडी छे के गोडाउन?"

परत येताना तेवढं एकच वाक्य डोक्यात घोळत होतं.

वजनकाटा

बडोद्याला आल्यावर, काहीही न उतरवता, गाडी थेट मकरपुऱ्याच्या वजनकाट्यावर घातली. टाकी भरलेली, दोन माणसं, सगळं सामान. २,४६० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली: १,१५०. म्हणजे मागे १,३१०. कोणी कितीही वर्षं गाडी बांधत असो, एकदा असं वजन करून बघा. पन्नास-शंभर रुपयांत एवढी माहिती देणारं दुसरं उपकरण मला माहीत नाही.

वजनाचा आणि रुतण्याचा संबंध मी इतकी वर्षं अर्धाच समजलो होतो. चाक जमिनीवर जो दाब देतं, तो साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. म्हणून हवा कमी केली की टायर पसरतो, ठसा लांब होतो आणि गाडी तरंगते. हे सगळ्यांना पाठ आहे. पण हवा किती कमी करता येईल, ते वजन ठरवतं. अडीच टनांच्या गाडीला १५ पीएसआयवर वळवलं तर टायरची बाजू घडी पडते, रिमवरून निसटते. त्यामुळे मी कायम २२ च्या वर असायचो. रुतल्यावर १५ वर आणली, ती नाइलाजाने, सरळ रेषेत, चालण्याच्या वेगाने. हलकी गाडी तेच आरामात करते. जिप्सी काही जादूने पार झाली नव्हती.

मग उतरवायला घेतलं. बंपर आणि विंच ऐंशी किलो. हार्डटॉपवरचं लोखंडी कॅरिअर बेचाळीस, त्यावरचा उघडणारा तंबू पंचावन्न. म्हणजे जवळजवळ शंभर किलो डोक्यावर घेऊन मी कोतरांतल्या आडव्या उतारांवर फिरत होतो. नुसतं आठवलं तरी पोटात गोळा येतो. जेरीकॅन दोनाचा एक केला. साठ लिटरची टाकी आहे, रस्त्यावर दहाच्या आसपास सरासरी पडते, आणि कच्छात भुज, रापरला डिझेल मिळतं. वीस लिटर डिझेल म्हणजे साडेसोळा किलो, वर डब्याचे चार, तेही कधी न लागलेले. हत्यारांच्या पेटीतून, ज्याला माझ्या गाडीत एकही नट नाही असे नऊ पाने निघाले. मागच्या पाट्यांत वजन पेलायला म्हणून एकेक जादा पान घातलं होतं, ते काढलं. म्हणजे वजनासाठी वजन वाढवलं होतं.

नवं वजन २,२२०. पुढे १,०४०, मागे १,१८०.

बंपरबद्दल थोडं वेगळं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड, बुल बार यांवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. तेव्हा आम्ही चहाच्या टपरीवर यावर तावातावाने भांडलो होतो. माझा मुद्दा असा, की एअरबॅग बिघडते म्हणतात, पण या थारला एअरबॅगच नाही, मग अडचण कुठे? आता मान्य करतो, की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचा विचार त्या वादात मी एकदाही केला नव्हता. मूळ बंपर परत लावलाय. पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले हुक, ताणला जाणारा दोर, दोन पट्ट्या, फावडं आणि जॅकखाली घालायला सागाची फळी. बास.

टॉर्शन बार

पहिल्या वर्षी फुकटात उंची मिळते म्हणून पुढचे बार पिळून दोन इंच उचलले होते. पुष्कळ जण करतात. मग गाडी दगडासारखी आपटायला लागली. मला वाटायचं, बार कडक झाला. तसं नसतं. बोल्ट पिळल्याने बारची ताकद तीच राहते, फक्त गाडी वर बसते. पण चाकाला खाली जायला जेवढी जागा होती, ती तुम्ही आधीच खाऊन टाकलेली असते. खड्डा आला की चाक खाली जाऊ शकत नाही, लगेच रबरी थांब्यावर आदळतं. शिवाय सीव्ही जॉइंट (पुढचं चाक फिरवणारा सांधा) कायम तिरका चालतो. माझ्या डाव्या जॉइंटचं रबरी बूट असंच फाटलं, ग्रीस चाकाच्या आत उडालं आणि त्याजागी रणातली खारी धूळ भरली. जॉइंट बदलावा लागला. आता मूळ उंचीपेक्षा फक्त पाऊण इंच वर, अलाइनमेंट करून. दिसायला गाडी बुटकी झाली. आईला मात्र चढता येते, आणि खंडेराव मार्केटला जाताना आता स्टूल न्यावं लागत नाही.

मीठ

रणातून आलेली गाडी धुणं हा वेगळा विषय आहे, आणि यात मी मार खाल्लाय. मागच्या मालकाने खालून काळं रबरी कोटिंग मारलं होतं. वरून छान दिसायचं. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली तांबेरा. कोटिंगला कुठे एक चीर पडली की मीठ आणि ओल आत जातात, बाहेर येत नाहीत.

दुसरी गोष्ट, मीठ कोरड्या हवेत निपचित पडून असतं. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. म्हणजे जानेवारीत आणलेलं मीठ बडोद्यात जुलैत जागं होतं. गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी.

आता परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुतो, एकदा नव्हे, तीनदा, मध्ये पाणी निथळू देऊन. चासीच्या पोकळ पट्ट्यांना खाली भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. आधी तारेने ती मोकळी करायची, मग वाकडी नळी आत घालून पाणी सोडायचं, खालून स्वच्छ येईपर्यंत. पहिल्यांदा अर्धी बादली चिखल निघाला. बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या जोडांवर प्रेशर मारू नका. पूर्ण वाळल्यावर मेणासारखं गंजरोधक फवारतो, ते मऊ राहतं, चिरत नाही. ट्रकवाले जळकं ऑइल मारतात, लोखंडाला चालतं, पण बुशांचं रबर फुगतं आणि पार्किंगमध्ये डाग पडले की सोसायटीचे सेक्रेटरी जिना उतरून येतात.

इंजिनाच्या आणि बॅटरीच्या अर्थिंगच्या तारा काढून घासल्या. एकीत हिरवी भुकटी होती, स्टार्टर मधूनच 'टक' करून गप्प व्हायचा त्याचं कारण तेच.

बाकी

डिझेल फिल्टरखालचं पाणी दर लांबच्या फेरीनंतर काढतो, एक फिल्टर सोबत असतो. कच्छच्या बन्नी गवताळ भागात वेड्या बाभळीचे, तिथले लोक गांडो बावळ म्हणतात त्याचे, काटे टायरच्या बाजूत घुसले. हवा कमी असली की टायरची कूस बाहेर फुगते आणि काट्यांना आयती मिळते. तेव्हा बाभळीच्या पट्ट्यात शिरण्यापूर्वी हवा भरून घ्या, पुढे मोकळ्यावर पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे. कुशीतल्या भोकाला प्लग टिकत नाही हे कळल्यावर कंटाळा येत नाही.

मागच्या डिफच्या तोंडाशी असलेलं पिनियनचं सील अजून किंचित पाझरतंय, पुराचीच देणगी. पावसाळ्यात रण बंद असतं, तेवढ्यात ते बदलून होईल.

तंबू इंदूरच्या मावसभावाने नेला. बंपर आणि विंच अजून सोसायटीच्या जिन्याखाली पडून आहेत. कोणाला हवे असतील तर घेऊन जा, भाव करू. फक्त येताना छोटा हत्ती घेऊन या, ऐंशी किलो मी एकट्याने उचलणार नाही.