लंडन कॉलिंग सत्तरचा की ऐंशीचा?

आज संध्याकाळी टिळकवाडीत आरपीडी क्रॉसजवळ चहाला थांबलो आणि दीड तास कुठं गेला कळलंच नाही. विषय काय, तर द क्लॅश या इंग्लंडच्या पंक रॉक बँडचा 'लंडन कॉलिंग' हा अल्बम कुठल्या दशकात धरायचा. मामा म्हणाले, अरे मर्दा तारीख बघ की, इंग्लंडमध्ये १४ डिसेंबर १९७९ ला आलाय, विषय संपला. धाकटा भाऊ ऐकतोय कुठं! त्याचं म्हणणं, अमेरिकेत जानेवारी १९८० ला आला आणि रोलिंग स्टोन मासिकानं १९८९ मध्ये ऐंशीच्या दशकातल्या शंभर अल्बमची यादी काढली तर पहिला नंबर यालाच दिला, मग आता बोला. मामा एकदम तापले, तिकडं उशिरा पोचला म्हणून जन्मतारीख बदलायची काय रे?

कुठली गोष्ट कुणाच्या वाट्याची हा विषय आम्हा बेळगावकरांच्या जिव्हाळ्याचाच, त्यामुळं बाजूच्या टेबलावरचे दोघं पण सामील झाले.

मी मामांच्या बाजूनं. नुसत्या तारखेमुळं नाही. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, ती भीती टायटल गाण्यात सरळ ऐकू येते, रेकॉर्डिंग पण त्याच वर्षी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झालंय. पण भावाचं एक मला पटलं, पंकवाल्यांनी रेगे, स्का, रॉकबिली असले वेगवेगळे संगीतप्रकार सगळे एकाच डबल अल्बममध्ये घेतले, १९ गाणी, तो मोकळेपणा पुढच्या लोकांना लई उपयोगी पडला.

घरी येऊन दोन्ही रेकॉर्डच्या चारी बाजू परत ऐकल्या, जेवण गार झालं. मामांचा आत्ताच फोन आला, उद्या सहा वाजता तिथंच.