लँकेस्टरची कापडखरेदी: आमिश आणि मेनोनाइट दुकानं, कुठे थांबायचं आणि काय घ्यायचं

जोॲन या कापडाच्या दुकानसाखळीची सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली तेव्हापासून इथे न्यू जर्सीत आमच्या क्विल्टवाल्या (क्विल्ट म्हणजे इकडची गोधडीच) बायकांचं एकच रडगाणं, की कापड हात लावून बघायचं तरी कुठे. ऑनलाइन सगळं मिळतं हो, पण पोत काय स्क्रीनवर कळतो? म्हणून यंदा सासूबाई इथे आहेत तर त्यांना घेऊन पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीला जाऊन आले, आमिश आणि मेनोनाइट या साध्या, जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांची वस्ती आहे ती. एडिसनहून दोन-सव्वादोन तास, फार ट्रॅफिक नसेल तर. सासूबाईंनी जन्मभर गोधड्या शिवल्यात त्यामुळे बरोबर एक कडक परीक्षकच होती असं समजा.

आधी दिवस ठरवा, बाकी सगळं नंतर. रविवारी तिथे जाऊन उपयोग नाही, आमिश काय आणि मेनोनाइट काय, दुकानं बंद म्हणजे बंद. ईस्टरनंतरचा सोमवार, असेन्शन डेचा (येशूच्या स्वर्गारोहणाचा) गुरुवार आणि २६ डिसेंबर हेही बऱ्याच ठिकाणी सुट्टीचे, जे आपल्या कॅलेंडरवर दिसतसुद्धा नाहीत. नोव्हेंबरात मंगळवार-गुरुवार लग्नं असतात, तेव्हा शेतावरच्या एखाद्या छोट्या दुकानाला कुलूप दिसलं तर नवल वाटून घेऊ नका. माझं मत विचाराल तर शुक्रवार बेस्ट, कारण एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार फक्त शुक्रवारीच भरतो आणि चांगली कापडाची दुकानं त्याच बाजूला आहेत.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक रूट ३४० धरून बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स (हो, गावाचं नाव तेच आहे) एवढंच करून परत येतात. तिथेही जा, द ओल्ड कंट्री स्टोअरमध्ये प्रिंट्सचे हजारो तागे आहेत आणि झूक्स या कापडाच्या दुकानातही थांबा, पण तिथे टूरिस्ट बसेस येतात, शनिवारी कटिंग काउंटरला चांगलीच लाइन लागते, आणि भाव आपल्याकडच्या क्विल्ट शॉपपेक्षा फार कमी असतील अशी आशा ठेवू नका. खरी मजा उत्तरेला. डेन्व्हरला बर्कहोल्डर आणि साउडर्स, लिटिट्झजवळ वीव्हर्स ड्राय गुड्स. ही मेनोनाइट मंडळींची दुकानं, आजूबाजूच्या बायका रोजच्या शिवणासाठी तिथेच येतात, त्यामुळे शोभेच्या वस्तू कमी आणि कापड जास्त. वीव्हर्समध्ये तर मी प्लेन रंगांच्या ताग्यांसमोर किती वेळ उभी होते ते सांगत नाही.

प्लेन रंग, हेच तिथून आणायचं. प्रिंट काय कुठेही मिळतील. जुनी लँकेस्टरची आमिश क्विल्ट बघा, सेंटर डायमंड किंवा सनशाइन अँड शॅडो नक्षीची, त्यात एकही फूल नाही, नुसते गडद जांभळे, किरमिजी, मोरपंखी रंग एकमेकांना भिडवलेले, आणि त्या तर बऱ्याचशा लोकरी कापडाच्या असायच्या. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन क्विल्ट भिंतीवर पेंटिंगसारख्या लावल्या, त्यानंतर या जुन्या आमिश क्विल्टना कलेच्या बाजारात भाव आला. त्या वळणाचं काही करायचं असेल तर एकाच रंगाच्या पाच छटा शेजारी ठेवून बघता येतील असं दुकान लागतं.

पण इथे एक सावधगिरी. त्याच दुकानात, कधीकधी शेजारच्याच रॅकवर, आमिश बायकांच्या ड्रेसचं कापड असतं. रंग अप्रतिम, सुरकुती पडत नाही, आणि ते पॉलिएस्टर असतं किंवा मिक्स. त्यांना रोज धुवून वाळवून घालायचं असतं, इस्त्रीची कटकट नको, त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. क्विल्टला मात्र ते सरकतं, घडी नीट बसत नाही, गरम इस्त्री लागली तर संपलंच. तेव्हा ताग्याच्या टोकावरचं लेबल वाचल्याशिवाय कापायला सांगू नका, १०० टक्के कॉटन हवं. पन्हाही तिथेच लिहिलेला असतो, साधारण ४४ इंच.

बॅकिंगसाठी, म्हणजे क्विल्टच्या खालच्या थरासाठी, १०८ इंची पन्ह्याचं कापड मागा. हिशोब सांगते, ९० बाय १०० इंचाची क्विल्ट असेल तर चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त धरून साध्या पन्ह्याचं सव्वाआठ वार लागतं, वर जोड द्यायचे ते वेगळेच. १०८ इंचीचं पावणेतीन वार पुरतं, मी तीन घेते. वाराचा भाव जास्त दिसतो म्हणून घाबरू नका, गुणाकार करून बघा. बॅटिंगही (मधल्या थराचा भर) रोलवरून कापून देतात, ८० टक्के कॉटन आणि २० टक्के पॉलिएस्टरवालं हाताने टाके घालायला बरं पडतं.

आमिश दुकानांत वीज नसते, छतातून येणारा उजेड आणि गॅसचे दिवे, ढगाळ दिवस असेल तर नेव्ही आणि काळा यातला फरक कळत नाही. विचारून तागा खिडकीपाशी न्या, काही म्हणत नाहीत. घरून कापडाचे छोटे तुकडे कार्डाला स्टेपल करून न्या, फोनमधल्या फोटोवर रंग जुळवू नका. आणि कॅश ठेवा. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, शेतावरच्या दुकानात कॅश नाहीतर चेक. फोनही दुकानात नसतो बऱ्याचदा, निरोप ठेवावा लागतो, म्हणून घाईचं काम असेल तर फोनच्या भरवशावर राहू नका.

माणसांचे फोटो काढू नका, हे सगळीकडे लिहिलेलं असतं तरी लोक काढतातच आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बग्गी पुढे असेल तर हॉर्न वाजवायचा नाही, घोडा बिथरतो, वळणावर ओव्हरटेक तर नाहीच. घोडे बांधायच्या दांडीसमोर गाडी लावू नका, चालताना खाली बघा.

तयार क्विल्ट घ्यायचा विचार असेल तर थोडं वाईट वाटेल असं सांगते. आमिश म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी क्विल्टवरचं ॲप्लिक काम (कापडाचे आकार कापून वर शिवणं) १९८० च्या आसपास लँकेस्टरला आलेल्या, मूळच्या लाओसकडच्या ह्माँग जमातीच्या निर्वासित बायकांनी केलेलं आहे. काम सुंदरच आहे, फक्त नाव दुसऱ्याचं. त्यामुळे कोणी शिवलं हे सरळ विचारा. तुमचा वरचा भाग तयार असेल आणि हाताने टाके घालून हवे असतील तर तेही काउंटरवर विचारा, तिथे काही बायका किती वार दोरा लागला त्यावर मजुरी घेतात. सासूबाईंना हे फारच पटलं. तिथल्याच एका क्विल्टची उलटी बाजू बघून म्हणाल्या, "अगं, गाठ कुठे दिसतेय का बघ, हिला विचार दोरा कसा आत घेते." काउंटरवरच्या बाईंनी दाखवलं, गाठ ओढून थराच्या आत नेतात. सासूबाईंचं समाधान काही झालं नाही, आमचे धावदोऱ्याचे टाके जास्त सरळ असतात असं त्यांनी गाडीत सांगितलं.

जेवायला ईस्ट अर्लचं शेडी मेपल, बुफे प्रचंड आहे, शाकाहारी असाल तर सॅलड, बटाटा, भाज्या आणि शूफ्लाय पाय (गोड सारणाचा भाजलेला पदार्थ) यावर भागवा, त्याची चव काकवी घातल्यासारखी लागते म्हणून तो घरातल्या मोठ्यांना आवडतो.

भारतात न्यायचं असेल तर वजनाचा अंदाज, ४४ इंची कॉटन साधारण सहा-सात वारांचं किलोभर होतं. बॅटिंग हलकं पण जागा खातं, त्याची हवा काढून व्हॅक्यूम पिशवीत भरा. गडद लाल आणि जांभळं शिवायच्या आधी एकदा धुवून घ्या, दुसऱ्या कशाबरोबर नाही, वेगळं.