आमची वाटचाल : टाइपरायटर ते टेम्प्लेट

गिरगावातलं आमचं दुकान वडिलांनी टाइपरायटरवर सुरू केलं. अर्ज, ॲफिडेव्हिट, भाडेकरार. पुढे कॉम्प्युटर आला, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर श्रीलिपी आलं आणि पाटीवर ‘प्रबंध टायपिंग’ची भर पडली. आता मात्र जास्त येतात त्या दुसरीकडे टाइप झालेल्या, सावरायला आणलेल्या फायली.

अशा फायली दिसायला नीटनेटक्या असतात. प्रत्येक शीर्षक निवडून हातानं बोल्ड केलेलं, साइझ १६. नवं पान हवं तिथे एंटरच एंटर. मग गाइड म्हणतात, ‘शीर्षकं १८ करा’, आणि विद्यार्थी रात्रभर पानं चाळत बसतो. तरी एखाददुसरं निसटतंच. वर्डच्या लेखी ती शीर्षकं नसतातच, नुसता ठळक मजकूर असतो. त्यातून अनुक्रमणिका तरी कशी निघणार?

म्हणून आमच्याकडे आधी स्टाइल, म्हणजे फॉन्ट, साइझ, अंतर यांचा नाव दिलेला संच, मग टायपिंग. प्रकरणाला ‘हेडिंग १’, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’, अवतरणाला वेगळी. एक स्टाइल बदलली की सगळीकडे बदल होतो. प्रकरण नव्या पानावर जाणं हेसुद्धा स्टाइलमध्येच बसवता येतं.

मराठीत एक मेख आहे. देवनागरीचा फॉन्ट आणि साइझ वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यात वेगळा ठेवतं. इंग्रजीच्या रकान्यात काहीही बदला, मराठी अक्षर ढिम्म हलत नाही. बरेच जण इथेच कंटाळतात आणि पुन्हा हातानं रंगरंगोटी सुरू करतात.

हाताचं फॉरमॅटिंग उतरवायला कंट्रोल-स्पेस (अक्षरांचं) आणि कंट्रोल-क्यू (परिच्छेदाचं) आहेत, पण सरसकट दाबायचे नाहीत. ग्रंथनामांचं इटॅलिकही त्यात पुसलं जातं. आम्ही आधी ‘फाइंड-रिप्लेस’नं सगळं इटॅलिक शोधून त्याला कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे परिच्छेदातल्या ठरावीक शब्दांपुरती स्टाइल, देतो. आणि मजकूर युनिकोडमध्ये (खऱ्या देवनागरी अक्षरांत) नसेल, जुन्या फॉन्टमधला असेल, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि फॉन्टमुळे मराठी दिसणारा, तर कंट्रोल-स्पेसनं फॉन्टच निघून जातो आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा उरतो. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणायची, स्टाइलचं काम त्यानंतर. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे पावसाळ्यात अहवालांची रांग लागते. छापील प्रतींबरोबर आम्ही स्टाइल बसवलेली टेम्प्लेटही देतो. काही व्यावसायिक मित्रांना हे पटत नाही; गिऱ्हाईक परत येणार नाही म्हणतात. माझ्या मते पैसे मोजणाऱ्याला आपली फाइल स्वतः बदलता आलीच पाहिजे. सेक्रेटरी बदलले तरी साचा तोच राहतो. नवे सेक्रेटरी आकडे भरतात आणि छपाईसाठी आमच्याकडे पाठवतात.