गराज सेलमधला सोफा उचलण्याआधी

अमेरिकेत नवं बिऱ्हाड थाटताना सोफा बहुधा गराज सेलमधून किंवा भारतात परत निघालेल्या कुणाकडून येतो. उचलण्याआधी गादी उलटी करून लेबल वाचा. नुसतं 'टीबी ११७' दिसलं तर फुकटसुद्धा नको. कॅलिफोर्नियाच्या १९७५च्या त्या नियमात फोमला १२ सेकंद उघडी ज्योत सोसावी लागे, म्हणून त्यात शरीराला अपायकारक अग्निरोधक रसायन मिसळत. २००४पर्यंत मुख्यतः पेंटाबीडीई नावाचं ब्रोमीनयुक्त रसायन, फोमच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास. पुढे क्लोरिनेटेड ट्रिस हे दुसरं अग्निरोधकही आलं. मुलांच्या नाइटड्रेसमधून ते १९७७मध्येच गेलं होतं!

'टीबी ११७-२०१३' वेगळं. त्यात ज्योतीऐवजी धुमसत्या सिगारेटची चाचणी, ती रसायनाशिवाय पार पडते. तरी रसायन आहे की नाही हे लेबलावरच्या चौकटीत बघा. कॅलिफोर्नियात २०१५मध्ये ही चौकट सक्तीची झाली.

हे रसायन फोमला चिकटलेलं नसतं. ते सुटून धुळीत उतरतं, धुळीतून हाताला, हातातून तोंडात. रांगणारं बाळ आणि टीव्हीसमोर हाताने पोळी-भाजी खाणारे आपण, दोघांनाही हात धुणं हाच पहिला उपाय. गादी उन्हात टाकून झोडपण्याची आपली सवय इथे उलटी पडते: रसायन जात नाही, धूळ मात्र घरभर. नुसता अभ्रा बदलूनही काही होत नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि हेपा फिल्टरचा (बारीक धूळ अडवून धरणारा) व्हॅक्यूम फिरवा. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो.

सांगाडा भक्कम असेल तर फोम बदला, पैसे तिथेच सत्कारणी लागतात. अभ्रा चेनचा हवा. मापं जुन्या चेपलेल्या फोमची नको, अभ्र्याची घ्या, शिवणीपासून शिवणीपर्यंत, आणि लांबी-रुंदीत अर्धा-एक इंच जास्त कापून घ्या, नाहीतर कोपरे ढिले पडतात. बसायला घनफुटाला १.८ पौंड किंवा जास्त घनतेचा फोम. अग्निरोधक नसल्याचं दुकानदाराकडून लेखी घ्या. वर पॉलिएस्टर बॅटिंग (कापसासारखा मऊ थर) गुंडाळा. जुना फोम कापू नका, अख्खाच पिशवीत भरा, अभ्रा धुऊन मगच चढवा. सोफ्याच्या पाठीत आणि हातांत जुना फोम उरतोच, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

कार्पेटखालचा रंगीबेरंगी तुकड्यांचा पॅड विसरू नका. तो फोमच्या भंगारातून बनतो, त्यात असा जुना फोमही असू शकतो. उचकटायचा झाला तर एन-९५ मास्क लावून, बाळाला दुसऱ्या घरी पाठवून.