वैनींना आधी विचारा

आषाढात खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात लावणी चालू असली की दिवसा घरात माणूस सापडत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत पाऊस लागून राहतो, वीज दोन-दोन दिवस नसते आणि मोबाइलला रेंज हवी तर वरच्या वळणावर चढून जावं लागतं. त्या वळणावरूनच नातसुनेनं मला फोन लावला होता. "डॉक्टरबाई, आजीला वात झालाय वो. रात्रभर ओरडूलालीय. धाकटे मामंजी गोव्यासनं आल्यात, वडगावच्या आत्याबी आल्यात. झोपेचं इंजेक्शन घेऊनच या म्हणूलाल्यात सगळी."

आजी माझ्या जुन्या पेशंट. वय ८४. विसर पडायला लागला तेव्हा बेळगावला सीटी स्कॅन झाला, थायरॉईड आणि बी-१२ तपासून झालं. या दोहोंच्या कमतरतेनंही विसराळूपणा येतो आणि तो औषधानं सुधारतो, म्हणून ते आधी बघावंच लागतं. दोन्ही ठीक निघालं. अल्झायमर असल्याचं निदान झालं, त्यावरची डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. मुलांची नावं पुसली गेली होती, आज कोणता महिना ते कळत नव्हतं. पण आजी स्वतःच्या हातानं जेवत, तुळशीला पाणी घालत, परसातल्या संडासाची वाट त्यांना कुणी दाखवावी लागत नसे. दुपारभर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसत. निवडून झाले की त्यांची थोरली सून तेच तांदूळ परत सुपात ओतायची, आणि आजी पुन्हा मन लावून निवडायला लागायच्या.

अशी बाई चार दिवसांत रात्रभर ओरडू लागली, हे ऐकूनच माझ्या मनात शंका आली. अल्झायमर महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी खाली उतरत जातो. आठवड्याच्या आत माणूस ओळखू येईनासा झाला तर त्याच्या मागे दुसरं काहीतरी असतं: ताप, जंतुसंसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणं, पडल्यानं मेंदूत झालेला रक्तस्राव, नाहीतर एखादं औषध. डॉक्टरी भाषेत याला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो फार लवकर होतो, आणि घरच्यांना वाटतं की दुखणंच वाढलं. पुष्कळदा डॉक्टरांनाही तसंच वाटतं.

मी पोचले तेव्हा पडवीत चिखलाचे पाय आणि ओल्या खोळी यांचा पसारा होता. माजघरात माणसं दाटली होती. आजींच्या कपाळाला सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा लावलेला. उजवा मनगट लुगड्याच्या पट्टीनं बाजेला बांधलेला, सारख्या उठून मागच्या दाराकडे धावतात आणि पडतील म्हणून. भिंतीकडे बघून त्या काहीतरी झटकत होत्या, मुंग्या दिसत असाव्यात. बोलणं सगळं कानडी. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात कानडीच बोलणारं. लग्न होऊन इकडे आल्यावर साठ-पासष्ट वर्षं त्या मराठीत नांदल्या, पण गेल्या वर्षापासून मराठी मागे पडत चालली होती. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे होतं. पुष्कळदा नंतर शिकलेली आधी सुटते, आईच्या मांडीवरची जास्त टिकते. आपल्या सीमाभागात तर दर दोन-चार घरांआड अशी एखादी आजी सापडेल.

मी पहिल्यांदा ती पट्टी सोडली. बांधून ठेवलं की असा माणूस जास्तच बिथरतो.

मुलांचं बोलणं चालूच होतं. गोव्याला नोकरी करणारा धाकटा म्हणाला, आता घरात ठेवण्यासारखं राहिलं नाही, बेळगावात कुठं ठेवतात काय बघूया. वडगावची लेक रडत होती. रडता रडता म्हणाली, "वैनी दिवसभर शेतात. आईला वेळच्या वेळी खायला तरी मिळतंय का देव जाणे. आणि आई सारखी म्हणते माझी बोरमाळ हिनं काढून घेतली म्हणून. उगीच म्हणंल काय?"

थोरला गप्प होता. पुण्याचा नातू फोनवर दिसत होता आणि मध्येच गोठत होता. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती वैनी चुलीपाशी बसून एवढ्या माणसांचा चहा करत होती.

मी चुलीपाशी जाऊन पाटावर बसले. विचारलं, "वैनी, कधीपासून बिघडलं ते तुम्ही सांगा."

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं. मग सांगायला लागल्या, आणि त्या सांगत असताना मी मनातल्या मनात एकेक खूण जुळवत गेले. मागच्या सोमवारी आजींना सर्दी झाली, नाक गळायला लागलं. थोरल्यानं औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, दिवसाला तीन. बुधवारपासून तोंड कोरडं, सारखं पाणी मागायच्या. शौचाला बुधवारपासून झालंच नाही. गुरुवारी पोट धरून बसल्या, म्हणून कुणीतरी पोटदुखीच्या गोळ्या आणून दिल्या. त्याच रात्रीपासून बडबड. "आणि बाई, एक सांगू? एरवी रात्री एकदा तरी लुगडं ओलं करतात. परवापासून नुसता थेंब थेंब. संडासाकडे मात्र सारख्या पळतात. ही सगळी म्हणतात पळून चाललीय."

बाजेच्या उशाशी पणती बसली होती. आठवीतली पोर, शाळेत कानडी शिकते, आजींशी कानडीतच बोलते. तिला विचारलं, पणजी काय म्हणते गं? ती म्हणाली, "पोटावर कुणीतरी दगड ठेवलाय, काढा म्हणूलालीय. कालपासनं तेच म्हणूलालीय."

ते सगळ्यांनी ऐकलं होतं. बडबडीतलंच एक म्हणून सोडून दिलं होतं.

मी आजींच्या पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत घट्ट, गोल, ताणलेलं. बोटांनी ठोकलं तर भरीव आवाज. मूत्राशय होतं ते. ताप नव्हता, साखर आणि ऑक्सिजन ठीक. डोक्याला कुठे मार नव्हता. बॅटरीच्या उजेडात, पणतीनं कानाशी कानडीत काही काही सांगत हात धरून ठेवलेला असताना, मी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला. मूत्राशयात तीनशे-चारशे मिली साठलं की धडधाकट माणूस लघवीला उठतो. आजींची नऊशे मिलीच्या वर निघाली. पिशवी भरत गेली तसतशा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल होत गेल्या. मग एनिमा दिला. तासाभरात आजी गाढ झोपल्या, कुठलंही इंजेक्शन न देता.

ते इंजेक्शन त्या दिवशी दिलं असतं तर? ओरडणं थांबलं असतं. आतली लघवी मात्र मागे सरकत मूत्रपिंडावर दाब देत राहिली असती, आणि गुंगीत उठून धावताना खुबा मोडला असता तो वेगळाच. घरच्यांना मी हे स्पष्ट सांगितलं. आवाज चढवला नाही, पण शब्द मऊही केले नाहीत.

कोनाड्यातून गोळ्यांच्या पट्ट्या मागवल्या. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं, पोटदुखीच्या गोळीत डायसायक्लोमिन. दोन्ही कुठेही सहज मिळणाऱ्या, तरण्या माणसाला फारसं काही न करणाऱ्या. थोरल्याला मी समोर बसवून सांगितलं: मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन असतं, आठवण आणि लक्ष त्याच्यावर चालतं. अल्झायमरमध्ये तेच कमी पडतं. आजींची डोनेपेझिलची गोळी असलेलं ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही, पुरवून वापरते. या दोन गोळ्या नेमकं त्याचंच काम अडवतात. सकाळी एक गोळी जे जपते ते दुपारी दुसरी पुसते. शिवाय लघवी बाहेर ढकलायला मूत्राशयाला आणि मळ पुढे सरकवायला आतड्याला तेच रसायन लागतं. म्हणून तोंड सुकलं, शौच अडलं, लघवी तुंबली, डोकं फिरलं. पोट दुखलं ते पहिल्या गोळीमुळे, आणि त्यावर दिलेली दुसरी गोळी पहिलीचीच जातभाई. वयस्कांना कोणती औषधं टाळावीत याची बिअर्स यादी १९९१ साली अमेरिकेत पहिल्यांदा निघाली आणि वेळोवेळी सुधारली जाते. या जातीच्या गोळ्या तिच्यात आहेत. आपल्याकडे मात्र सर्दी झाली की पट्टीतली गोळी, रात्री झोप नाही तर आणखी एक, खाज सुटली तर तिसरी, आणि घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस आहे हे दुकानदाराला कुणी सांगत नाही, तोही विचारत नाही. मला याची फार चीड येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातली कितीतरी अशाच कौलारू घरांत आहेत.

थोरला बराच वेळ पट्टी हातात धरून बसला. त्याला दोष द्यावा असं काही नव्हतं. आईला सर्दी झाली, त्यानं चिखलातनं जाऊन गोळ्या आणल्या.

बोरमाळेचं बोलणं मी तसंच सोडणार नव्हते. वडगावच्या ताईंना सगळ्यांच्या देखत सांगितलं, की या आजारात वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेही कळत नाही. मग ती चोरली गेली असं वाटतं. आणि चोर ठरतं कोण, तर जे माणूस दिवसरात्र जवळ असतं ते. गोव्याच्या मुलावर आजी आळ घेत नाहीत, कारण तो दिसतच नाही. थोरल्यानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. बोरमाळ आईनंच मोडली होती, घरावर कौलं घालायच्या वर्षी, त्याच्या डोळ्यांदेखत. वैनी उठल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतनं एक खोटी बोरमाळ काढून आणली. खानापूरच्या बाजारातनं विकत आणलेली. आजी शोधाशोध करायला लागल्या की त्या ती तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, आत्ती, डब्यात बघूया काय? सापडली की आजी संध्याकाळपर्यंत शांत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मानसोपचारातली माणसं जे प्रशिक्षणात शिकतात, वाद न घालता त्या माणसाच्या जगात शिरून त्याची काळजी हलकी करायची, ते त्यांनी चुलीपाशी एकटीनं शोधून काढलं होतं. ताईंनी ती बोरमाळ हातात घेतली. मग वैनींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि कपबशा विसळायला लागल्या.

पणतीचंही तसंच. आजी तिला आपली धाकटी बहीण समजतात आणि बैलहोंगलच्या घरातल्या म्हशीची चौकशी करतात. ही सांगते, दूध काढून झालं. तिचे वडील रागावतात, म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलू नये म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही. पणजीला उत्तर हवं आहे, आणि त्या घरात तिच्या भाषेत उत्तर देणारं तेवढं एकच माणूस आहे.

दोन्ही गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. लघवी आणि रक्त खानापूरच्या लॅबमध्ये पाठवलं, त्यात घाबरण्यासारखं काही निघालं नाही. दुसऱ्या रात्री मुंग्या गेल्या, ओरडणं थांबलं. कॅथेटर काढल्यावर लघवी आपली आपण व्हायला लागली. पुढच्या आठवड्यात मी गेले तर आजी सूप घेऊन बसल्या होत्या. पूर्वीइतका वेळ नाही, लवकर दमत होत्या. अशा झटक्यातनं म्हातारं माणूस सावरायला आठवडे लागतात, आणि काही जण पूर्ण सावरत नाहीत, हे मी घरच्यांना सांगून ठेवलं. विसर होता तिथेच होता.

धाकट्याचं म्हणणं होतं, मग महिना महिना पाळी लावूया, एक महिना गोव्याला, एक वडगावला. अशी पाळी पुष्कळ घरांत चालते आणि मला तिची धास्ती वाटते. या आजारात माणसाला संडासाची वाट पायांना ठाऊक असते, डोक्याला नाही. घर बदललं की तीही गेली. आजी हलवू नका, तुम्ही हला, असं मी म्हटलं. त्यावर बराच खल झाला. शेवटी लावणी संपेपर्यंत ताई राहिल्या. धाकट्यानं चतुर्थीच्या सुट्टीला जोडून रजा काढायचं कबूल केलं, दिवसाची एक गडीण ठेवायला पैसे लावून दिले. नातसुनेला मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ नंबर लिहून दिला. तिथे मराठीत आणि कानडीत दोन्ही भाषांत बोलता येतं, आणि आजाऱ्याला सांभाळणाऱ्या माणसानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

निघताना मी वैनींना म्हटलं, तुम्ही बसा, तुमचं बीपी बघते. त्या म्हणाल्या, मला काय झालंय? १७०/१०० होतं. गुडघे सुजलेले, रात्रीची झोप तुकड्या-तुकड्यांची, आणि शेवटचं माहेरी चंदगडला कधी राहायला गेल्या ते त्यांना पटकन सांगता येईना. वय ५८. खानापूरला तपासायला या म्हटलं तर आत्तींना कोण बघणार म्हणाल्या. थोरला तिथंच उभा होता. त्यानं मला विचारलं, आंघोळ घालताना आई घाबरते, पाणी आधी पायावर घालायचं की डोक्यावर? पायावर, म्हटलं, आणि घालायच्या आधी तांब्या त्यांच्या हातात द्या. गुरुवारी वैनी दवाखान्यात आल्या तेव्हा आजींची आंघोळ त्यानं घातलेली होती.